बाशोची मोगामी नदी : एका शब्दबदलाचा विचार

जपानी हायकूचा परिचय करून देताना वर्गात आपण बहुधा पाच-सात-पाच अशा सतरा अक्षरांपासून आरंभ करतो. प्रस्तुत लेखकानेही अनेक वर्षे तसेच केले. मात्र ही मोजणी काव्याच्या गाभ्यापर्यंत पोहोचत नाही, हे मात्सुओ बाशो (1644–1694) या कवीच्या एका रचनेवरून ध्यानात येते.

1689 मध्ये बाशो आपला शिष्य सोरा याच्यासह एदो (आजचे टोकियो) सोडून उत्तरेकडे निघाला. सुमारे पाच महिन्यांच्या या प्रवासातून ‘ओकु नो होसोमिची’ हे गद्यपद्यमिश्रित प्रवासवर्णन सिद्ध झाले. ते 1702 मध्ये, म्हणजे कवीच्या निधनानंतर प्रसिद्ध झाले. वाटेत मोगामी नदीकाठच्या ओइशिदा गावी होडीसाठी हवामान निवळण्याची वाट पाहत तो थांबला. तेथील रसिकांच्या आग्रहावरून साखळीकाव्याची बैठक झाली. अशा बैठकीत पहिले कडवे पाहुण्याने रचावयाचे आणि त्यातून यजमानाचा गौरव साधावयाचा, असा संकेत होता. (या पहिल्या कडव्यालाच पुढे स्वतंत्र रूप येऊन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मासाओका शिकीमुळे ‘हायकू’ हे नाव रूढ झाले.) बाशोने पावसाचे पाणी सामावून घेणाऱ्या नदीला तेथे ‘सुझुशी’, म्हणजे शीतल म्हटले. नदीकाठच्या घरात बसून केलेली ती सौजन्याची दाद होती.

त्यानंतर तो प्रत्यक्ष होडीत बसला. त्याचे गद्य येथे मुद्दाम वाचावे. दोन्ही बाजूंनी अंगावर येणारे डोंगर, दाट पालवीतून वाट काढणारी होडी, मध्येच दिसणारा शिराइतो धबधबा, आणि फुगलेल्या पाण्यामुळे होडीला असलेला धोका. या वर्णनानंतर येणाऱ्या हायकूत ‘सुझुशी’ उरलेला नाही. तेथे ‘हायाशी’, म्हणजे वेगवान, असा शब्द आहे. आषाढात दुथडी वाहणारी नदी ज्याने होडीतून ओलांडली आहे, त्याला हा फरक समजावून सांगावा लागू नये.

दोन्ही शब्द जपानी मोजणीने तीन-तीन मात्रांचेच आहेत. सतरांचा हिशेब जराही हलत नाही. ऋतुसूचक शब्द म्हणून पाऊसही कायम राहतो. बदलते ती कवीची जागा. काठावरचा पाहुणा प्रवाहातला प्रवासी होतो. म्हणूनच हायकू गद्यापासून तोडून पाठ्यपुस्तकात छापला की त्यातील भय नाहीसे होते आणि उरते ते केवळ एक नेटके निसर्गचित्र. मराठीत शिरीष पै यांनी हायकू रुजविला तो सुट्या, तीन ओळींच्या स्वतंत्र कवितेच्या रूपात. त्या रूपाचे मोल निःसंशय आहे. तथापि त्याच्याच सवयीने बाशो वाचणे मात्र अन्यायाचे ठरते.

पुढे 1984 मीटर उंचीचा गास्सान पर्वत चढून-उतरून बाशो साकाता बंदरी आला. मोगामी तेथे समुद्राला मिळते. तेथील यजमानाच्या बैठकीत त्याने पुन्हा शीतलतेचाच शब्द योजला, आणि प्रवासवर्णनात तोही काढून टाकून त्या जागी तापलेला दिवस आणला.