लॅपटॉपची जीर्ण बॅटरी : घरच्या घरी बदल व घ्यावयाची दक्षता

मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे शाळांची दारे बंद झाली आणि अध्यापनाचे कार्य घराघरांतून चालू ठेवणे भाग पडले. त्या वर्षी व त्यापुढील वर्षी अनेक शिक्षकांनी, पालकांनी आणि कार्यालयीन कर्मचाऱ्यांनी लॅपटॉप विकत घेतले. त्यांपैकी पुष्कळ यंत्रे आजही चांगल्या स्थितीत आहेत. मात्र पावसाळ्यात माडाची झावळी वीजवाहिनीवर पडून पुरवठा खंडित झाला की पडदा तत्क्षणी काळा होतो आणि अर्धवट भरलेले गुणपत्रक किंवा ग्रामसभेचे इतिवृत्त नाहीसे होते. अशा वेळी लॅपटॉपच निकामी झाला, असा समज करून घेऊन काही जण तो अडगळीत टाकतात, तर काही जण ऐपत नसताना नवा घेतात. वस्तुतः यंत्र बिघडलेले नसते. त्याची बॅटरी तेवढी जीर्ण झालेली असते.

नव्या लॅपटॉपच्या किमतीच्या अल्पशा अंशात नवी बॅटरी मिळते व बहुतेक यंत्रांत ती बसविण्याचे काम अर्ध्या-पाऊण तासाचे असते. काळजीपूर्वक काम करणाऱ्या कोणाही व्यक्तीस ते घरी जमण्यासारखे आहे. तथापि लॅपटॉपची बॅटरी हा घड्याळाच्या सेलसारखा निरुपद्रवी भाग नव्हे. तिच्यात ज्वालाग्राही द्रव असतो व बरीच ऊर्जा साठविलेली असते. म्हणूनच काम कसे करावे याइतकेच कोठे थांबावे हे जाणणेही अगत्याचे आहे.

बॅटरी जीर्ण का होते?

आजच्या लॅपटॉपमध्ये लिथियम-आयन प्रकारची बॅटरी असते. ही बॅटरी १९९१ मध्ये प्रथम बाजारात आली. तिच्या विकासाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या तीन शास्त्रज्ञांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. चार्ज होताना लिथियमचे आयन धन बाजूकडून ग्रॅफाइटच्या ऋण बाजूकडे जातात आणि यंत्र चालविताना ते परत येतात. या येरझाऱ्यांत ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर एक पातळ थर जमत जातो व त्या थरात थोडे थोडे लिथियम कायमचे अडकून पडते. हंड्याला आतून क्षारांची पुटे चढत जावीत आणि त्यात मावणारे पाणी वर्षागणिक कमी होत जावे, तसाच हा प्रकार होय.

सामान्यतः ३०० ते ५०० वेळा पूर्ण चार्ज होऊन रिकामी झाल्यावर बॅटरीची क्षमता मूळच्या सुमारे ८० टक्क्यांवर येते. उष्णतेमुळे ही झीज अधिक वेगाने होते. गादीवर किंवा उशीवर लॅपटॉप ठेवल्याने त्याची हवा कोंडते, तसेच तो अहोरात्र चार्जरला जोडून १०० टक्के भरलेला ठेवला जातो. या दोन सवयी बॅटरीचे आयुष्य विशेषेकरून कमी करतात.

झीज किती झाली, हे कसे ओळखावे?

केवळ अंदाजाने नवी बॅटरी मागवू नये. विंडोज प्रणालीच्या यंत्रात झिजेचा अहवाल विनामूल्य मिळतो. त्यासाठी कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पॉवरसीएफजी’, त्यापुढे मोकळी जागा, तिरकी रेघ आणि रेघेला लागूनच ‘बॅटरीरिपोर्ट’ असे रोमन अक्षरांत टंकित करावे. तयार होणाऱ्या अहवालात दोन आकडे पाहावयाचे असतात. पहिला बॅटरीच्या मूळ क्षमतेचा व दुसरा आजच्या पूर्ण चार्जच्या क्षमतेचा. समजा, मूळ क्षमता ४२ वॉट-तास आणि आजची २१ वॉट-तास आहे. तर बॅटरी निम्मी झिजली. मॅकबुक यंत्रांत सेटिंगमधील बॅटरी या सदरात तिच्या स्थितीचा निर्देश आढळतो.

क्षमता निम्म्याच्या आसपास आली असेल किंवा ३०-४० टक्के चार्ज दाखवीत असतानाच यंत्र अकस्मात बंद पडत असेल, तर बॅटरी बदलण्याची वेळ आली असे समजावे. मात्र चार्जर जोडूनही यंत्र सुरू होत नसेल, तर दोष अन्यत्र असण्याचा संभव आहे. अशा वेळी प्रथम चार्जर तपासून घ्यावा.

घरी काय करावे, कारागिराकडे काय न्यावे?

बॅटरी बसविण्याच्या पद्धतीवरून लॅपटॉपचे तीन वर्ग पडतात. पहिल्या वर्गात बॅटरी बाहेरून दिसते आणि तळाच्या एक-दोन खिट्या सरकविताच निघते. जुन्या यंत्रांत ही सोय सर्रास होती. दुसऱ्या वर्गात ती तळाच्या झाकणाखाली स्क्रूंनी बसविलेली असते. आजची बहुसंख्य यंत्रे याच वर्गातील आहेत. या दोन्ही वर्गांतील बदल घरी करता येतो. तिसऱ्या वर्गात बॅटरी आतील बाजूस डिंकासारख्या द्रव्याने चिकटविलेली असते. अनेक मॅकबुक व काही अतिशय पातळ लॅपटॉप या प्रकारचे आहेत. ती खरवडून काढताना वाकण्याची किंवा भोसकली जाण्याची भीती असल्याने हे काम अनुभवी कारागिराकडेच सोपवावे.

फुगलेल्या बॅटरीच्या बाबतीत वेगळा नियम पाळावा लागतो. लॅपटॉपचा तळ टेबलावर नीट बसत नसेल, टचपॅड वर उचलले गेले असेल किंवा झाकणाच्या सांध्यात फट पडली असेल, तर आत वायू साचून बॅटरी फुगली असण्याचा दाट संभव असतो. असे यंत्र तत्काळ बंद करावे, पुन्हा चार्जरला जोडू नये, दाबू नये आणि घरी उघडण्याचा प्रयत्न न करता कारागिराच्या स्वाधीन करावे. ज्यांच्या यंत्राची हमीची मुदत संपलेली नाही, त्यांनीही आधी उत्पादकाच्या सेवाकेंद्रात चौकशी करावी.

नवी बॅटरी निवडताना

लॅपटॉपच्या तळावरील मॉडेल क्रमांक व जुन्या बॅटरीवरील भाग क्रमांक, हे दोन्ही नव्या बॅटरीशी जुळले पाहिजेत. त्यानंतर व्होल्ट पाहावेत. एका लिथियम-आयन सेलचा दाब सुमारे ३.६ ते ३.७ व्होल्ट असतो आणि असे सेल एकापुढे एक जोडून बॅटरी तयार होते. म्हणून १०.८ व ११.१ व्होल्ट हे दोन्ही आकडे तीन सेलांच्या जोडणीचेच निदर्शक असून त्यांत सहसा अडचण येत नाही. परंतु ११.१ व्होल्टच्या जागी १४.८ व्होल्टची बॅटरी कदापि बसवू नये. मिलिअँपिअर-तासांचा आकडा थोडा अधिक असल्यास हरकत नाही. हा आकडा १००० ने भागून व्होल्टने गुणला म्हणजे वॉट-तास मिळतात. उदाहरणार्थ, ११.४ व्होल्ट व ३६५० मिलिअँपिअर-तास म्हणजे सुमारे ४१.६ वॉट-तास. जुन्याच आकाराच्या बॅटरीवर त्याच्या दुप्पट क्षमता छापलेली आढळली, तर तो माल संशयास्पद समजावा.

अशा बॅटऱ्यांना भारतीय मानक ब्युरोची सक्तीची नोंदणी लागू आहे. वेष्टनावर आय. एस. १६०४६ हा मानक क्रमांक व ‘आर’ या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहून घ्यावा. तो ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपवर पडताळता येतो. पावती अवश्य घ्यावी. फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. जुन्या बॅटरीचे कवच फोडून आतील सेल बदलून देण्याचा व्यवसायही काही ठिकाणी चालतो. अशा बॅटरीतील संरक्षक परिपथ नव्या सेलांशी जुळेलच याची शाश्वती नसल्याने ती घेऊ नये.

प्रत्यक्ष कृती

कामास आरंभ करण्यापूर्वी महत्त्वाच्या फायलींची प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवावी. बॅटरी सुमारे २५ टक्क्यांपर्यंत उतरू द्यावी. तिच्यात ऊर्जा जितकी कमी, तितका चुकून इजा झाल्यास धोका कमी. यंत्र केवळ निद्रावस्थेत न ठेवता पूर्णपणे बंद करावे व चार्जर काढून ठेवावा. उजेडाच्या जागी, कोरड्या टेबलावर सुती कापड पसरून त्यावर लॅपटॉप पालथा ठेवावा. अंगठी व बांगड्या उतरवून ठेवाव्यात. अंगावरील स्थिर विद्युत् निघून जावी म्हणून पाण्याच्या नळासारख्या धातूच्या वस्तूस एकवार हात लावावा.

तळाचे स्क्रू काढताना त्यांच्या डोक्याला अचूक बसणारा लहान स्क्रू ड्रायव्हर वापरावा. सर्व स्क्रू एकाच लांबीचे नसतात. लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी पिळला गेल्यास आतील पट्टीस भोक पडू शकते. यासाठी कागदावर तळाची आकृती काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीने लावून ठेवणे उत्तम. काही यंत्रांत रबरी पायांखालीही स्क्रू दडलेले असतात. स्क्रू निघाल्यावर जुन्या प्लॅस्टिक कार्डाची कड सांध्यात सरकवून झाकण हलके हलके मोकळे करावे. येथे सुरी किंवा धातूची पट्टी वापरू नये.

झाकण निघताच अन्य कशासही हात लावण्यापूर्वी बॅटरीचा कनेक्टर सोडवावा. तारा धरून ओढू नये. कनेक्टरच्या दोन्ही कडा नखांनी किंवा प्लॅस्टिकच्या कडेने आळीपाळीने सरकवाव्यात. त्यानंतर यंत्राचे बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे परिपथात उरलेली वीज निघून जाईल. मग बॅटरीचे स्क्रू काढून ती सरळ वर उचलावी. ती अडल्यास जोर लावू नये. एखादा स्क्रू राहिला आहे की खाली चिकटद्रव्य आहे, हे पाहावे. चिकटद्रव्य आढळल्यास तेथेच थांबून यंत्र कारागिराकडे न्यावे.

नवी बॅटरी जुनीच्या शेजारी ठेवून आकार, स्क्रूंची छिद्रे आणि कनेक्टरच्या तारांचा क्रम जुळतो की नाही हे पाहावे. ती जागेवर बसवून स्क्रू लावावेत व कनेक्टर सर्वांत शेवटी जोडावा. आत एखादा सुटा स्क्रू राहिला नाही याची खात्री करून झाकण बसवावे. काही नव्या बॅटऱ्या चार्जर जोडल्याखेरीज जाग्या होत नाहीत. म्हणून प्रथम चार्जर लावूनच यंत्र सुरू करावे. पहिल्या वेळी बॅटरी पूर्ण चार्ज करून, नेहमीच्या कामात उतरू देऊन पुन्हा भरावी, म्हणजे पडद्यावर दिसणारी टक्केवारी विश्वसनीय होते. पहिले काही तास यंत्रावर लक्ष ठेवावे. ते असह्य तापल्यास किंवा गोडसर, तीव्र वास आल्यास यंत्र बंद करून चार्जर काढावा.

दुर्दैवाने धूर किंवा ज्वाळा दिसल्यास प्रथम मुख्य वीजपुरवठा तोडावा, घरातील सर्वांस बाहेर काढावे आणि अग्निशमन दलास १०१ किंवा ११२ क्रमांकावर कळवावे. हा धूर विषारी असतो. आग अगदी लहान असून सुरक्षित अंतरावरून शक्य असेल तरच भरपूर पाणी ओतावे. ज्वाळा विझल्या तरी आतील सेल पुन्हा पेटू शकतात. म्हणून यंत्रास लगेच हात लावू नये.

जुन्या बॅटरीची विल्हेवाट

नवी बॅटरी बसली की काम संपले, असे मानण्याकडे अनेकांचा कल असतो व जुनी बॅटरी सुक्या कचऱ्याच्या पिशवीत जाते. काम न देणाऱ्या बॅटरीतही ऊर्जा शिल्लक असते. कचऱ्याच्या वाहनात ती चेपली गेली किंवा वर्गीकरणाच्या शेडमध्ये तिच्यावर घाव बसला, तर आग लागते. तेथे हातांनी प्लॅस्टिक व कागद वेगळे करणाऱ्या कामगाराला त्या ढिगात काय दडले आहे हे ठाऊक नसते. एका घराच्या निष्काळजीपणाची किंमत अशा रीतीने दुसऱ्यास मोजावी लागते.

केंद्र शासनाने ऑगस्ट २०२२ मध्ये बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम अधिसूचित केले. त्यांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करून त्यांचे पुनश्चक्रीकरण करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. ग्राहकानेही अशी बॅटरी घरगुती कचऱ्यात न मिसळता संकलन, नूतनीकरण वा पुनश्चक्रीकरण करणाऱ्यांच्या हवाली करावयाची आहे. बॅटरीवर छापलेले, फुली मारलेल्या कचरापेटीचे चिन्ह हेच सुचविते. जुन्या बॅटरीतील लिथियम, कोबाल्ट, निकेल व तांबे पुन्हा उपयोगात आणता येते, हा आणखी एक लाभ होय.

जुनी बॅटरी देईपर्यंत तिच्या कनेक्टरवर चिकटपट्टी लावावी आणि ती पुठ्ठ्याच्या खोक्यात, रॉकेल, गॅस व उन्हापासून दूर, मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी. कारागिराने काढून परत दिलेली बॅटरी फुगलेली असल्यास ती वाळू घातलेल्या धातूच्या भांड्यात, घराबाहेर सावलीत ठेवून शक्य तितक्या लवकर संकलकाकडे पोहोचवावी. शाळा व ग्रामपंचायतींनी आपल्या आवारात अशा बॅटऱ्यांसाठी निराळी पेटी ठेवून त्या ठराविक काळाने अधिकृत संकलकाकडे पाठविल्यास खेड्यातील कुटुंबांची मोठी सोय होईल.

नवी बॅटरी दीर्घकाळ टिकावी म्हणून

अनेक लॅपटॉपमध्ये ८० टक्क्यांवर चार्ज थांबविण्याची सोय असते. यंत्र बहुतांश वेळ चार्जरवरच चालत असल्यास ती सोय अवश्य वापरावी. सुटीत यंत्र महिनाभर वापरात नसेल, तर ते निम्मे चार्ज करून कोरड्या व थंड जागी ठेवावे. हवा जाण्याचे मार्ग धुळीने तुंबू देऊ नयेत.

घरातील नांगर, रहाट किंवा शिवणयंत्र यांचा एक भाग झिजला म्हणून ते कोणी फेकून देत नसे. झिजलेला भाग बदलून अवजार पुन्हा कामास लावले जाई. लॅपटॉपलाही हाच न्याय लागू पडतो. योग्य बॅटरीची निवड, संयमाने केलेले काम आणि जुन्या बॅटरीची जबाबदारीने केलेली पाठवणी, ही तिन्ही पथ्ये पाळल्यास शिक्षकाचे वा विद्यार्थ्याचे यंत्र आणखी काही वर्षे सेवा देईल व कचरा वेचणाऱ्या हातांनाही इजा होणार नाही.