बाजारपेठ केवढी?

छोट्या तंत्रज्ञान कंपनीचा शेअर दहा वर्षांसाठी घ्यायचा, तर नफ्याआधी मी विचारतो : गिऱ्हाइकं किती मिळू शकतील आणि प्रत्येक जण वर्षाला किती देईल? हा गुणाकार म्हणजे बाजारपेठ. मात्र ती आपल्या अंगणापुरती मोजू नका. पुण्यात १९८१ साली दहा हजार रुपयांवर सुरू झालेल्या इन्फोसिसने १९९३ मध्ये ९५ रुपयांना शेअर विकायला काढले, तेव्हा पुरेसे अर्जही आले नाहीत. देशात सॉफ्टवेअर विकत घेणारे मूठभर. पण हिचं गिऱ्हाईक अमेरिकेत होतं! जूनमध्ये शेअर १४५ वर उघडला.

उलट पेजर पाहा. भारतात १९९५ला आला, कमरेकमरेला दिसू लागला. पण निरोप वाजला की पीसीओ शोधत धावायचं. मोबाइलचे दर उतरले आणि पेजरचा बाजारच उठला.