विश्लेषण : रोटरी, लायन्सला दिलेल्या देणगीचे पुढे काय होते? एका वर्षाचा अध्यक्ष दहा वर्षांचे काम कसे उभे करणार?

जुलै उजाडला की शहरांत आणि तालुक्याच्या गावांत रोटरी, लायन्स क्लबांचे पदग्रहण सोहळे सुरू होतात. नव्या अध्यक्षाच्या गळ्यात मानाची कॉलर पडते, वर्षभरातील संकल्पित प्रकल्पांची यादी वाचली जाते आणि मग रक्तदान, मोतीबिंदू शिबिर, वह्यावाटप, वृक्षारोपण यांच्या बातम्या येऊ लागतात. पाठोपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर देणगीचे आवाहन आणि क्यूआर कोडही येतो. हा पैसा कोणत्या वाटेने जातो, त्याचा हिशेब कोण पाहतो आणि यंदा सुरू झालेले काम पुढच्या वर्षी कोण सांभाळतो, याविषयी…

हे क्लब सुरू कसे झाले?

पॉल हॅरिस या वकिलाने २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत तीन परिचितांसह पहिली बैठक घेतली. बैठका आळीपाळीने एकेकाच्या कार्यालयात होत, म्हणून नाव पडले ‘रोटरी’. सुरुवातीचा हेतू ओळखीपाळखी आणि व्यवसायवृद्धीचा होता. दोनेक वर्षांतच शिकागोत सार्वजनिक स्वच्छतागृहे व्हावीत यासाठी क्लबने पुढाकार घेतला आणि सेवेचा धागा जोडला गेला. विमा व्यवसायातील मेल्विन जोन्स यांच्या पुढाकाराने १९१७ मध्ये शिकागोतच लायन्सची स्थापना झाली. हेलन केलर यांनी १९२५ च्या लायन्स अधिवेशनात दृष्टिहीनांसाठी काम करण्याचे आवाहन केले. लायन्सचे नाव आजही नेत्रतपासणी आणि मोतीबिंदू शिबिरांशी जोडलेले आहे, त्याचे मूळ या आवाहनात आहे.

भारतात रोटरीचा पहिला क्लब १९२० मध्ये कोलकात्यात आला, मुंबईत १९२९ मध्ये. लायन्स १९५६ मध्ये भारतात पोहोचले. महिलांच्या ‘इनर व्हील’ची सुरुवात १९२४ मध्ये इंग्लंडमधील मँचेस्टर येथे झाली. या प्रकारची एक संघटना तर मुंबईतच जन्मली. नाना चुडासामा यांनी १९७२ मध्ये ‘जायंट्स इंटरनॅशनल’ स्थापन केली.

क्लबची रचना कशी असते?

तळाशी क्लब, त्यावर अनेक क्लबांचा मिळून प्रांत आणि सर्वांत वर आंतरराष्ट्रीय संघटना, अशी ही उतरंड आहे. रोटरीत मुंबईचा प्रांत ३१४१, तर पुणे-रायगडचा ३१३१ या क्रमांकाने ओळखला जातो. क्लबचा अध्यक्ष, प्रांतपाल आणि आंतरराष्ट्रीय अध्यक्ष या तिन्ही पदांची मुदत एक वर्ष. नवे वर्ष १ जुलैपासून धरले जाते. पद फिरते राहिल्याने सत्ता एका माणसाच्या हाती साठत नाही, अनेकांना नेतृत्वाची संधी मिळते. मात्र या पद्धतीची दुसरी बाजूही आहे, ती पुढे पाहू.

जगभरात रोटरीचे सुमारे १२ लाख, तर लायन्सचे सुमारे १४ लाख सदस्य आहेत. भारत हा दोन्ही संघटनांचा मोठा आधार मानला जातो. कोलकात्याचे नितीश लाहरी, चंडीगडचे राजेंद्र साबू, वापीचे कल्याण बॅनर्जी आणि कोलकात्याचे शेखर मेहता असे चार भारतीय रोटरीचे आंतरराष्ट्रीय अध्यक्ष झाले.

पैसा कुठून येतो?

यात दोन खिसे वेगळे ओळखले पाहिजेत. पहिला, सदस्यांच्या वार्षिक वर्गणीचा. त्यातून बैठका, कार्यालय, प्रांताची आणि आंतरराष्ट्रीय संघटनेची वर्गणी भागते. दुसरा, सेवाकार्याचा. त्यात देणग्या, मदतनिधीसाठी लावलेले नाटकाचे प्रयोग, स्मरणिकेतील जाहिराती, मॅरेथॉनचे प्रवेशशुल्क, कंपन्यांचा निधी असे सारे येते. लायन्सच्या नियमांनुसार ही दोन खाती स्वतंत्र ठेवावी लागतात आणि लोकांकडून जमवलेला पैसा क्लबच्या प्रशासकीय खर्चासाठी वापरता येत नाही. अध्यक्षाच्या पदग्रहणाचे जेवण सदस्यांच्या खिशातून झाले की नाटकाच्या तिकिटांतून, हा प्रश्न म्हणूनच अगदी रास्त ठरतो.

अलीकडे कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्व निधीचा म्हणजे सीएसआरचा वाटा महत्त्वाचा झाला आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकारापेक्षा मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम अशा कामांवर खर्च करावी लागते. कंपनीकडे पैसा असतो, पण कोणत्या वाडीत पाण्याची टाकी हवी, कोणती शाळा गळते याची माहिती नसते. ती माहिती स्थानिक क्लबकडे असते. मात्र हा निधी घेणाऱ्या संस्थेला एप्रिल २०२१ पासून केंद्र सरकारकडे ‘सीएसआर-१’ अर्जाद्वारे नोंदणी करावी लागते.

‘फाउंडेशन’ला दिलेला पैसा परत येतो का?

रोटरी फाउंडेशनची कल्पना आर्च क्लम्फ यांनी १९१७ मध्ये मांडली. त्यात पहिली देणगी आली ती २६ डॉलर ५० सेंटची. आज सदस्य तिच्या ‘वार्षिक निधी’त जी रक्कम देतात, ती तीन वर्षे गुंतवली जाते. गुंतवणुकीच्या उत्पन्नातून प्रामुख्याने प्रशासकीय खर्च भागतो. तीन वर्षांनंतर मुद्दलाचा जवळपास निम्मा हिस्सा देणगी आलेल्या प्रांताच्या वाट्याला येतो आणि उरलेला मुख्यतः जागतिक निधीत जातो. म्हणजे आज एखाद्या प्रांताने किती दिले, यावर तीन वर्षांनंतर त्याच्या हाती किती पैसे येतील हे ठरते.

मोठ्या कामांसाठी ‘ग्लोबल ग्रँट’ असते. त्यासाठी प्रकल्प किमान ३० हजार डॉलरचा असावा लागतो. काम होणार त्या ठिकाणचा एक क्लब आणि परदेशातील एक क्लब असे दोन भागीदार लागतात. गावाची गरज आधी तपासावी लागते आणि काम पुढे टिकणार कसे, हेही अर्जात लिहावे लागते. परदेशातून आलेल्या पैशाला परदेशी देणगी नियमन कायद्याची चौकट लागू होते. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थेला ती दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. त्यामुळे पैसा नेमक्या कोणत्या खात्यात येणार, हे सुरुवातीलाच ठरवावे लागते.

पैशाखेरीज सदस्य काय देतात?

मोतीबिंदू शिबिराचेच उदाहरण घ्या. शस्त्रक्रिया सहसा एखाद्या धर्मादाय रुग्णालयात होते आणि सरकारच्या अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून अशा रुग्णालयांना शस्त्रक्रियेमागे अनुदानही मिळते. मग क्लब करतो काय? गावात दवंडी देण्यापासून ते आजीला बसमधून उतरवून घेण्यापर्यंतची कामे. तपासणीत रक्तदाब किंवा साखर जास्त निघाली तर त्या रुग्णाला परत पाठवावे लागते. महिन्याभराने त्याला पुन्हा बोलावण्याची आठवण कुणी तरी ठेवावी लागते. शस्त्रक्रियेनंतर डोळ्यांत थेंब वेळेवर पडतात का, फेरतपासणीला माणूस आला का, चष्मा मिळाला का, हे पाहावे लागते. यातला पाठपुरावा सुटला तर शिबिराच्या फलकावरचा आकडा मोठा दिसतो, पण आजीला नीट दिसतेच असे नाही.

हे काम डॉक्टर, वकील, व्यापारी, सनदी लेखापाल, शिक्षक असे सदस्य आपापला धंदा-नोकरी सांभाळून विनामोबदला करतात. त्यांच्या ओळखींमुळे एका फोनवर बस मिळते, सभागृह मिळते, औषधे सवलतीत मिळतात. धनादेशाच्या रकमेत न दिसणारे हे भांडवल बऱ्याचदा धनादेशापेक्षा जास्त मोलाचे असते.

पोलिओची लढाई वेगळी का ठरली?

१९७९ मध्ये रोटरीने फिलिपिन्समधील सुमारे ६० लाख मुलांच्या लसीकरणासाठी मदत देऊ केली. १९८५ मध्ये ‘पोलिओप्लस’ ही मोहीम जाहीर झाली. उद्दिष्ट १२ कोटी डॉलरचे होते, तीन वर्षांत २४ कोटी ७० लाख डॉलर जमले. जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि अमेरिकेची सीडीसी यांच्यासह १९८८ मध्ये जागतिक मोहीम सुरू झाली, तेव्हा १२५ देशांत वर्षाला अंदाजे साडेतीन लाख मुलांना पोलिओ होत असे.

भारतातील लढाई सर्वांत अवघड मानली जात होती. २००९ मध्ये देशात ७४१ रुग्ण सापडले, जगातील रुग्णांपैकी ते जवळपास निम्मे होते. उत्तर प्रदेशात लसीविषयी अफवा पसरल्या, तेव्हा रोटरीने मुस्लीम धर्मगुरूंची समिती स्थापून त्यांच्यामार्फत पालकांचा विश्वास मिळवला. २०१० मध्ये रुग्णसंख्या ४२ वर आली. १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात शेवटचा रुग्ण आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारताला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. हे यश अर्थातच सरकारी यंत्रणेचे, आशा-अंगणवाडी सेविकांचे आणि लसीकरण कर्मचाऱ्यांचे. क्लबांचा वाटा पैशांचा, मनुष्यबळाचा आणि चिकाटीचा. वन्य पोलिओ विषाणूचा अखंड प्रसार आता पाकिस्तान आणि अफगाणिस्तान या दोन देशांत उरला आहे आणि त्यासाठी निधी गोळा करणे अजूनही सुरू आहे.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की, १९८५ पासून दरवर्षी रोटरीचा आंतरराष्ट्रीय अध्यक्ष बदलला, घोषवाक्ये बदलली, पण पोलिओचे उद्दिष्ट कुणीही बदलले नाही.

मग स्थानिक पातळीवर अडचण कुठे येते?

नेमकी इथेच. क्लबच्या अध्यक्षाला आपल्या बारा महिन्यांत काही तरी ठळक करून दाखवायचे असते. प्रांताच्या पुरस्कारांतही त्या वर्षातील कामच मोजले जाते. आधीच्या अध्यक्षाने बसवलेल्या यंत्राची दुरुस्ती करण्यापेक्षा नव्या यंत्राचे उद्घाटन अधिक आकर्षक वाटते.

परिणाम सर्वांच्या ओळखीचे आहेत. शाळेत ई-लर्निंग संच येतो, पण वीजबिल कोण भरणार आणि प्रोजेक्टर बिघडला तर काय, हे ठरलेले नसते. मुलींसाठी स्वच्छतागृह बांधले जाते, पण पाण्याची जोडणी आणि सफाईची व्यवस्था नसल्याने त्याला कुलूप लागते. डायलिसिस यंत्र भेट दिले जाते, पण त्यासाठी शुद्ध पाण्याचा प्रकल्प, प्रशिक्षित तंत्रज्ञ आणि प्रत्येक वेळी लागणाऱ्या साहित्याचा खर्च रोजचा असतो. बंधारा बांधला तरी गाळ काढावा लागतोच. लावलेल्या झाडांनाही पहिली दोन-तीन वर्षे उन्हाळ्यात पाणी लागते, तोवर क्लबचे दोन-तीन अध्यक्ष बदललेले असतात.

यावर उपाय क्लबांकडेच आहेत. आजी, भावी आणि माजी अध्यक्षांनी मिळून तीन वर्षांचा आराखडा करणे, रुग्णालय किंवा रक्तपेढीसारखे काम स्वतंत्र विश्वस्त संस्थेकडे सोपवणे, देखभालीची रक्कम मूळ अंदाजपत्रकातच धरणे आणि शाळा वा ग्रामपंचायतीशी लेखी करार करणे. ज्या क्लबांची कामे वर्षानुवर्षे टिकली, तिथे सहसा यापैकी काही तरी केलेले दिसते.

सदस्यांचे चित्र बदलते आहे का?

रोटरी बराच काळ केवळ पुरुषांचा क्लब होता. कॅलिफोर्नियातील ड्युआर्टे क्लबने महिलांना सदस्यत्व दिले म्हणून रोटरीने त्याची मान्यता काढली. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९८७ मध्ये निकाल क्लबच्या बाजूने लागला. दोन वर्षांनी रोटरीने जगभर महिलांना दार उघडले. लायन्सने १९८७ मध्येच ते केले होते. लायन्सच्या पहिल्या महिला आंतरराष्ट्रीय अध्यक्ष आइसलँडच्या गुद्रुन इंगवादोत्तिर २०१८ मध्ये, तर रोटरीच्या कॅनडातील जेनिफर जोन्स २०२२ मध्ये झाल्या. तरुणांसाठी रोटरॅक्ट आणि लिओ क्लब आहेत. तरीही वर्गणीचा खर्च, हॉटेलातील बैठका आणि भारदस्त शिष्टाचार यांमुळे ‘हा आपल्यासाठी नाही’ असे अनेकांना वाटते. आपल्याकडे गणेशोत्सव मंडळांत राबणारी मुले व्यवस्थापन, वर्गणी आणि गर्दी सांभाळण्यात तरबेज असतात. त्यांना सामावून घेणे क्लबांना फारसे जमलेले नाही.

देणगी देण्यापूर्वी काय विचारावे?

पहिला प्रश्न, पावती कुणाच्या नावाची? क्लबांची सेवाकार्ये अनेकदा स्वतंत्र धर्मादाय विश्वस्त संस्थेमार्फत चालतात. महाराष्ट्रात अशा संस्थांची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे असते आणि लेखापरीक्षण केलेले हिशेब त्यांच्याकडे सादर करावे लागतात. त्यामुळे नोंदणी क्रमांक मागण्यात संकोच नको. एखाद्या सदस्याच्या वैयक्तिक खात्याचा क्यूआर कोड आला असेल, तर थांबावे.

दुसरा, करसवलत मिळेल का? ‘८० जी’ म्हणून ओळखली जाणारी सवलत फक्त मान्यताप्राप्त संस्थेला दिलेल्या देणगीवर आणि तीही जुन्या करप्रणालीत मिळते. दोन हजार रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर ती मिळत नाही. संस्थेने देणगीची माहिती प्राप्तिकर विभागाला कळवून देणगीदाराला प्रमाणपत्र द्यावे लागते, नुसती पावती पुरत नाही.

तिसरा प्रश्न सर्वांत साधा, पण क्वचितच विचारला जातो. तीन वर्षांपूर्वी तुम्ही केलेले एक काम आज कसे चालले आहे? उत्तरादाखल उद्घाटनाचे छायाचित्र आले तर एक अर्थ. शाळेच्या मुख्याध्यापकांचा किंवा रुग्णालयातील तंत्रज्ञाचा दूरध्वनी क्रमांक आला, तर त्या क्लबला पैसे देण्यास हरकत नाही. जमल्यास महिन्यातला एक रविवारही द्यावा.