संशोधन संस्थेतील संगणक : यंत्र एक, वाटेकरी अनेक

संगणक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे टेबलावरचे किंवा हातातले यंत्र उभे राहते. संशोधन संस्थेत मात्र संगणक ही मुख्यतः एक सेवा असते. नळाच्या पाण्याप्रमाणे ती एके ठिकाणी साठते आणि अनेकांपर्यंत पोहोचवावी लागते. निपाणी-बेळगाव भागात विज्ञान शिकवताना मी विद्यार्थ्यांना या सेवेची हकीकत मुद्दाम सांगतो; कारण मोठे विज्ञान मोठ्या शहरातच होते, ही समजूत आपल्याकडे फार खोल रुजलेली आहे.

आरंभ मुंबईत झाला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. आर. नरसिंहन यांच्या गटाने ‘टिफ्रॅक’ हा संगणक स्वतः घडविला. तो १९६० साली सुरू झाला आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे नामकरण केले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या.

१९६४ साली तेथे ‘सीडीसी ३६००’ हा अमेरिकन संगणक आला आणि इतर संस्थांची व विद्यापीठांची गणितेही तेथे होऊ लागली. संशोधकाने लिहिलेली आज्ञावली छिद्रे पाडून कार्डांवर उतरवली जाई. एका कार्डावर ८० रकाने, म्हणजे जेमतेम एक ओळ. कार्डांचा गठ्ठा रांगेत लागे. पाळी आली की यंत्र तो वाची आणि उत्तर कागदावर छापून येई. एक स्वल्पविराम चुकला तरी दुरुस्ती करून पुन्हा रांगेत! बाहेरगावच्या संशोधकाला तर यासाठी प्रवास तरी करावा लागे किंवा टपालाची वाट तरी पाहावी लागे. यंत्राचा वेळ असा वाटून घेता आला, पण अंतर कायम राहिले.

ते अंतर संगणकांच्या जाळ्याने कमी केले. १९८६ साली ‘अर्नेट’ हा प्रकल्प सुरू झाला. पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र हे त्यातील आरंभीचे भागीदार. या जाळ्यात निरोपाचे लहान लहान तुकडे करतात आणि प्रत्येक तुकड्यावर पत्ता घालतात. त्यामुळे एकाच तारेवरून अनेकांचे निरोप एकमेकांत न मिसळता जातात. वेळेची वाटणी होत होती, तशी आता तारेचीही झाली. जानेवारी १९९१ मध्ये दिल्ली-मुंबई अशी जी भाड्याची तार जोडली गेली, तिचा वेग सेकंदाला ९,६०० बिट होता. म्हणजे सुमारे १,२०० इंग्रजी अक्षरे! पत्राला तेवढे पुरे. पण दहा लाख बाइटचे एक छायाचित्र पाठवायला चौदा मिनिटे लागली असती.

आज टाटा संस्थेतील संगणक केंद्र जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ प्रयोगशाळेतील ‘सीएमएस’ प्रयोगाच्या जागतिक गणनजालाचा भाग आहे. कणांच्या टकरींची माहिती अनेक देशांतील केंद्रे वाटून घेतात, कारण एवढा भार एकट्या संस्थेला पेलणारा नाही. या प्रयोगाची काही माहिती २०१४ पासून सर्वांसाठी खुलीही झाली आहे. भौतिकशास्त्राचे शोधनिबंध ‘अर्काइव्ह’वर आणि भारतीय विद्यापीठांचे प्रबंध ‘शोधगंगा’वर विनामूल्य वाचता येतात.

मुंबई आणि बंगळूर यांना जोडणारा हमरस्ता आपल्या गावांवरूनच जातो. पूर्वी ज्ञानासाठी त्या रस्त्याने एका टोकाला जावेच लागे. प्रयोगशाळेसाठी अजूनही जावे लागेल. वाचनासाठी आणि गणितासाठी मात्र आता ते कारण उरलेले नाही. उरला आहे तो चांगल्या प्रश्नाचा शोध, आणि तो कोणतेही जाळे आपल्याला आणून देणार नाही. मराठी विभागाच्या आणि कन्नड विभागाच्या विद्यार्थ्यांनी एका यंत्रासमोर बसून तो प्रश्न शोधावा, एवढेच माझे सांगणे आहे.