कोठीघराची रचना : सातारा-सांगली परिसराच्या संदर्भात

घर बांधताना ओट्याचा विचार बारकाईने होतो. कोठीघराच्या वाट्याला मात्र उरलेला कोपरा येतो. वस्तुतः वर्षभराच्या धान्याची सुरक्षितता आणि गृहिणीच्या श्रमांची बचत या दोन्ही गोष्टी कोठीघराच्या रचनेवर अवलंबून असतात.

साठवणीचे साधन स्थानिक परिस्थितीशी जुळणारे असावे लागते. सांगलीजवळील हरिपूर येथील हळदीची पेवे हे याचे बोलके उदाहरण होय. जमिनीखालील पेवाचे तोंड बंद केल्यावर आतील प्राणवायू घटतो व किडीची वाढ रोखली जाते. तथापि २००५ च्या महापुरात पाणी शिरून अनेक पेवे निकामी झाली.

घरगुती कोठीसही हाच न्याय लागू पडतो. कृष्णाकाठच्या पूरप्रवण वस्तीत २००५, २०१९ व २०२१ चे पूर ध्यानी घेता, धान्यसाठा वरच्या मजल्यावर असणे इष्ट. पाटण-महाबळेश्वरच्या दमट हवेत कणग्या व डबे भिंतीपासून दूर, लाकडी फळ्यांवर ठेवावेत. माण, खटाव, जत या कोरड्या तालुक्यांत उष्णता टाळण्यासाठी पश्चिमेची तापणारी भिंत वर्ज्य करावी.

सर्वत्र लागू पडणारे नियम मोजकेच आहेत : धान्य वाळवून, पूर्ण निवल्यावरच भरावे, जड डबे खाली व नित्याचे जिन्नस हाताच्या उंचीवर ठेवावेत, कांदे-बटाटे हवेशीर टोपल्यांत स्वतंत्र असावेत, जुना साठा आधी वापरावा.

सारांश, कोठीघराचा आराखडा घराच्या नकाशाबरोबरच, त्या गावचे पाऊसपाणी पाहून आखला जाणे आवश्यक आहे.