उशिरा चढलेला निळा रंग

शेजारचा मुलगा जिमला जातो. परवा क्रिएटिनचा डबा हातात घेऊन दारात उभा. "काका, तुम्ही लॅबमध्ये होतात ना? हे आत जाऊन करतं काय?"

मी मिरजेत बत्तीस वर्षं लॅब टेक्निशियन होतो. मशिनं यायच्या आधी रक्तातला फॉस्फरस आम्ही हातानं काढायचो. ॲसिड घालून प्रथिनांचा साका खाली बसवायचा, वरचं नितळ पाणी घ्यायचं, त्यात मॉलिब्डेट, मग तपकिरी बाटलीतलं 'आन्सा' नावाचं रसायन. ब्लँक, स्टँडर्ड, टेस्ट अशा तीन नळ्या. निळा रंग चढायचा. जितका फॉस्फरस जास्त तितका गडद. घड्याळ बघून कलरीमीटरवर आकडा घ्यायचा. पद्धतीचं नाव 'फिस्के-सुब्बाराव'. आम्ही ते एका दमात म्हणायचो, जणू एकाच माणसाचं नाव. यातले सुब्बाराव आपल्या भीमावरमचे, हे मला नोकरीला सात-आठ वर्षं झाल्यावर कळलं.

येल्लाप्रगडा सुब्बाराव, जन्म 1895. मद्रासच्या मेडिकल कॉलेजात खादी वापरल्यामुळे इंग्रज प्राध्यापकाचा रोष ओढवला आणि पूर्ण पदवीऐवजी एलएमएसवर भागवावं लागलं. पुढे बोस्टनला गेले. पोटासाठी रात्री हॉस्पिटलात बेडपॅन साफ करायचे, दिवसा हार्वर्डमध्ये सायरस फिस्के यांच्या हाताखाली काम. 1925 साली ती निळ्या रंगाची पद्धत छापून आली. मग दोघांनी ती मांजराच्या स्नायूच्या अर्काला लावली.

आणि रंग वेळेवर येईना.

स्टँडर्डची नळी ठरल्या मिनिटाला निळी व्हायची. स्नायूची नळी रेंगाळायची आणि नंतर मिनिटामिनिटाला गडद होत राहायची. माझ्या टेबलावर असं झालं की मी रिएजंटला शिव्या घालून नळी बेसिनमध्ये ओतायचो आणि टेस्ट पुन्हा लावायचो. या दोघांनी नळी ओतली नाही. फॉस्फेट मोकळं नसून कशाला तरी चिकटलेलं आहे, आणि ॲसिडमध्ये ते हळूहळू सुटतंय, हे त्यांनी ताडलं. ज्याला चिकटलं होतं ते क्रिएटिन. 1927 साली फॉस्फोक्रिएटिन जगासमोर आलं. स्नायूला विजेचे झटके देऊन दमवलं की ते कमी व्हायचं, विसावा दिला की पुन्हा भरायचं.

तोवर जाणकार समजत होते की स्नायू आखडतो तो लॅक्टिक ॲसिडमुळे. त्याच विषयातल्या कामासाठी हिल आणि मायरहॉफ यांना 1922 चं नोबेल मिळालेलं. 1929 मध्ये फिस्के-सुब्बाराव यांनी स्नायूला ऊर्जा पुरवणारं एटीपीही वेगळं काढलं. त्याच वर्षी जर्मनीत लोमान यांनाही ते सापडलं. पुढच्याच वर्षी डेन्मार्कच्या लुंड्सगार्ड यांनी स्नायूला असं विष दिलं की लॅक्टिक ॲसिड तयारच होऊ नये. स्नायू तरीही आखडत राहिला, फॉस्फोक्रिएटिन संपेपर्यंत.

त्या मुलाला मी हिशेब असा सांगितला: एटीपी म्हणजे खिशातली चिल्लर, जोर लावला की दोन-तीन सेकंदांत संपते. फॉस्फोक्रिएटिन म्हणजे शेजारचा वाणी, मागितल्या क्षणी उसनं देणारा. त्याचा गल्लाही दहा-एक सेकंदांत आटत येतो. कबड्डीत चढाई करणारा मध्यरेषेकडे झेप घेतो ती या उसनवारीवर. लांब पळायचं तर साखर आणि चरबीच जाळावी लागते. उसन्याची देवघेव करणारं एंझाइम म्हणजे सीपीके. छातीत दुखलं की पूर्वी आम्ही रात्री-अपरात्री जी टेस्ट लावायचो ती हीच.

एवढं करूनही हार्वर्डनं सुब्बारावांना कायमची जागा दिली नाही. 1940 मध्ये ते लेडर्ली कंपनीत गेले. तिथे त्यांच्या चमूनं फॉलिक ॲसिड बनवलं, कॅन्सरवरच्या मेथोट्रेक्सेटची वाट मोकळी केली आणि हत्तीरोगावरचं हेट्राझान आणलं. त्याच औषधाच्या, म्हणजे डीईसीच्या, गोळ्या गडचिरोली-चंद्रपुरात घरोघर वाटल्या जातात. 1948 साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी ते गेले. भारतात परतणं झालंच नाही.

डबा घ्यायचा की नाही, ते त्या मुलाला डॉक्टरांना विचारायला सांगितलं. माझ्या अखत्यारीतलं एवढंच: क्रिएटिनचाच थोडा भाग रोज क्रिएटिनिन होऊन लघवीवाटे जातो. पावडर घेणाऱ्याचा क्रिएटिनिनचा आकडा किडनी ठणठणीत असूनही चढलेला दिसू शकतो. तेव्हा रक्त द्यायला जाल तर सुई टोचायच्या आधी टेक्निशियनला आणि रिपोर्ट दाखवताना डॉक्टरांना, डब्याबद्दल सांगा.