नोंद आधी, काम नंतर

राज्याच्या उच्च शिक्षण विभागाने 20 एप्रिल 2023 च्या शासन निर्णयाने नव्या शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम-आराखडा लागू केला. तेव्हापासून पदवीच्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला एक नवी गोष्ट आली, ती म्हणजे ओजेटी, प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचे प्रशिक्षण. पदव्युत्तर वर्गांना दुसऱ्या सत्रात ओजेटी किंवा क्षेत्रीय प्रकल्पाचे 4 श्रेयांक मिळवावे लागतात आणि हे वर्ग 2023-24 पासूनच नव्या आराखड्यात आले. संलग्न महाविद्यालयांतल्या पदवी वर्गांना तो 2024-25 पासून लागू झाला. या आराखड्यात ओजेटीचे 4 श्रेयांक सहाव्या सत्रात येतात, म्हणजे त्या वर्षी जालना, अंबड, परतूर, मंठा किंवा भोकरदनच्या महाविद्यालयात बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला बसलेली मुले-मुली 2026-27 च्या उत्तरार्धात त्यांच्यापाशी पोचतात. एम.एस्सी., एम.कॉम.च्या मोजक्या वर्गांपुरता असलेला हा विषय तेव्हा जिल्ह्यातल्या गावागावांत जाईल. त्याची तयारी आतापासून करायची तर मुळात श्रेयांक कशाचा मिळतो, हे नीट समजून घ्यायला हवे.

हिशेब सोपा आहे. वर्गातल्या शिकवणीचे 15 तास म्हणजे 1 श्रेयांक. प्रात्यक्षिक आणि ओजेटीसाठी मात्र 30 तासांना 1. चार श्रेयांकांचे 120 तास होतात. रोज आठ तास काम केले तर पंधरा दिवसांत उरकते, कॉलेज सांभाळून रोज चार तास दिले तर महिना लागतो. हे श्रेयांक विद्यार्थ्याच्या नावाने शैक्षणिक श्रेयांक बँकेत जमा होतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2021 मध्ये उभारलेल्या या बँकेत ते साधारण सात वर्षे टिकतात, त्यामुळे शिक्षण मध्येच थांबवून पुन्हा सुरू करणाऱ्यालाही ते उपयोगी पडतात. कागदावर सगळे सरळ दिसते. पण तास मोजता येतात म्हणून शिकणेही मोजले गेले, असा समज सहज होतो आणि ओजेटीची खरी अडचण तिथून सुरू होते.

रूढ होऊ पाहणारी पद्धत अशी आहे : विद्यार्थ्याने ओळखीने एखादी जागा शोधायची, तिथे जमेल तसे जायचे, शेवटी शिक्का मारलेले प्रमाणपत्र आणायचे आणि ते विभागात जमा करायचे. मग प्रमाणपत्रावरून गुण. या क्रमात महाविद्यालय सर्वांत शेवटी येते. काय शिकायचे हे आधी कोणी ठरवलेले नसते, त्यामुळे शेवटी काय तपासायचे हेही कोणाला ठाऊक नसते. उरतो तो फक्त शिक्का. आणि ज्याची किंमत शिक्क्यावर ठरते, त्या शिक्क्याचा बाजार उभा राहायला वेळ लागत नाही. पैसे भरा आणि घरबसल्या इंटर्नशिपचे प्रमाणपत्र घ्या, अशा जाहिराती मोबाइलवर येतात त्या यामुळेच. माझे म्हणणे एवढेच आहे की हा क्रम उलटा केला पाहिजे. काम सुरू होण्याआधी नोंदणी व्हावी आणि तीत चार गोष्टी लिहिलेल्या असाव्यात : कोणत्या ठिकाणी, कोणाच्या हाताखाली, काय शिकण्यासाठी आणि ते शिकले हे कशावरून ठरवायचे. या चार ओळी आधी लिहिल्या गेल्या नसतील, तर नंतर आणलेल्या प्रमाणपत्राला श्रेयांक देऊ नये.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी 1906 मध्ये 27 विद्यार्थ्यांना घेऊन सहकारी शिक्षण सुरू केले. काही काळ वर्गात, काही काळ कारखान्यात अशी ती रचना होती. आपल्याकडे पिलानीच्या बिट्सने 1973 पासून 'प्रॅक्टिस स्कूल' चालवले. तिथे उद्योगात गेलेल्या विद्यार्थ्याची जबाबदारी संस्थेच्या प्राध्यापकावरच राहते आणि मूल्यमापन काम चालू असतानाच होत जाते, हे त्या पद्धतीचे बळ आहे. खुद्द जालन्यात, सिरसवाडीजवळ, मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचा मराठवाडा परिसर 2018 पासून सुरू आहे. तिथल्या पाच वर्षांच्या एकात्मिक एम.टेक.मध्ये उद्योगांतल्या प्रशिक्षणाची सत्रे अभ्यासक्रमातच गुंफलेली आहेत. पण या साऱ्यांहून आपल्या जिल्ह्याच्या ओळखीचे उदाहरण शेतीचे आहे. बी.एस्सी. कृषीच्या शेवटच्या वर्षातले कृषीदूत आणि कृषीकन्या गावात येतात, ते कोणाच्या सोयीसाठी नव्हे. ग्रामीण कृषी कार्यानुभव हा त्यांच्या पदवीचा श्रेयांक असलेला भाग आहे. गाव ठरलेले असते, यजमान शेतकरी ठरलेला असतो, कोणत्या आठवड्यात काय करायचे हेही ठरलेले असते. बियाण्याला बीजप्रक्रिया करून दाखवायची, निंबोळी अर्क तयार करायचा, मातीचा नमुना कसा घ्यायचा ते शेतकऱ्यासमोर करायचे, आणि रोजचे रोजनिशीत लिहायचे. मार्गदर्शक प्राध्यापक येऊन पाहून जातात. सगळीकडे हे सारख्याच निष्ठेने होते असे नाही. पण चौकट आधी आखलेली असल्यामुळे कुठे कसूर झाली हे निदान दिसते. बी.ए.-बी.कॉम.च्या ओजेटीला अशी चौकट आखून देणे अवघड का असावे?

पहिला आक्षेप येतो तो जागांचा. पुण्या-मुंबईच्या मुलांना कंपन्या आहेत, मंठ्याच्या मुलीने जायचे कुठे? हा आक्षेप मनापासूनचा आहे, पण तो जालन्याकडे न पाहता घेतलेला आहे. 1964 मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको सुरू केली आणि जालना बियाण्यांचे शहर झाले. बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी पंधरा दिवस बसला तर काय होईल ते पाहा. सोयाबीनच्या एका लॉटमधून 400 दाणे मोजायचे, शंभर-शंभरच्या चार भागांत ओल्या कागदावर मांडायचे, कागदाच्या गुंडाळ्या करून उगवण कक्षात ठेवायच्या. पाचव्या दिवशी पहिली मोजणी, आठव्या दिवशी शेवटची. सशक्त रोपे वेगळी, विकृत वेगळी, कुजलेले दाणे वेगळे. प्रमाणित सोयाबीन बियाण्याची उगवण किमान 70 टक्के असावी लागते. ती 68 भरली तर तो लॉट शेतकऱ्याकडे जाऊ नये, हा निर्णय त्या मोजणीवर उभा असतो. बीजशरीरशास्त्राचा धडा यापेक्षा चांगला कुठे शिकता येईल? आणि या कामाची परीक्षा घेणेही सोपे आहे : विद्यार्थ्यासमोर एक गुंडाळी उलगडून ठेवा आणि त्याला मोजायला सांगा.

औद्योगिक वसाहतीतल्या पोलाद कारखान्यांचेही तेच. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला भट्टीपाशी उभे करण्याची गरज नाही आणि करूही नये. त्याची जागा नमुना तपासणाऱ्या प्रयोगशाळेत आहे. वितळलेल्या धातूचा नमुना येतो, त्यातले कार्बन, गंधक, स्फुरद मोजले जाते. एफई 500 दर्जाच्या सळईत गंधक आणि स्फुरद प्रत्येकी 0.055 टक्क्यांच्या वर चालत नाही, असे भारतीय मानक सांगते. पुस्तकातले पृथक्करण घराच्या स्लॅबपर्यंत कसे पोचते, ते तिथे कळते. वाणिज्य शाखेला जालन्याच्या बाजार समितीतला रेशीम कोषांचा बाजार आहे. 2018 मध्ये सुरू झालेला राज्यातला हा पहिला. आवक, प्रतवारी, लिलाव, वजन आणि शेतकऱ्याच्या खात्यावर पैसे, असा पूर्ण व्यवहार एका छताखाली दिसतो. भौगोलिक मानांकन मिळालेली मोसंबी आहे, खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र आहे, बदनापूरचे तुरीचे संशोधन केंद्र आहे. कला शाखेच्या मुलांना तर प्रत्येक गावात जागा आहे. ग्रामपंचायतीची कर आकारणी, ग्रामसभेची इतिवृत्ते, बचत गटांचे हिशेब, तालुक्याच्या गावातले ग्रंथालय, स्थानिक वृत्तपत्राचे मुद्रितशोधन. मंठ्याच्या मुलीला जालन्याची एसटी पकडावीच लागेल असे नाही. त्या त्या ठिकाणी शिकण्यासारखे काय आहे, हे कोणीतरी बसून लिहून ठेवलेले नाही, एवढीच उणीव आहे. तालुकानिहाय अशी यादी करणे हे विद्यापीठाचे काम आहे आणि छत्रपती संभाजीनगरला बसून ते होणार नाही, जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी एकत्र येऊन करावे लागेल.

दुसरा आक्षेप प्राध्यापकांचा आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. पदे रिक्त, अर्धा विभाग तासिका तत्त्वावर, त्यात साठ विद्यार्थ्यांच्या साठ जागा पाहायला जायचे कोणी आणि केव्हा? याचे उत्तर प्राध्यापकांच्या निष्ठेला साद घालून देता येणार नाही. ओजेटीचे मार्गदर्शन कार्यभारात तास म्हणून धरले पाहिजे आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला त्याचे मानधन मिळाले पाहिजे. तोवर निदान एवढे करता येते की साठ जागांऐवजी दहा ठिकाणे निवडावीत, प्रत्येक ठिकाणी पाच-सहा जण पाळीपाळीने जावेत. दहा भेटी शक्य आहेत. आणि आधी नोंदणी केल्याने शिक्षकाचे काम वाढते हा समज तपासून पाहावा. काय तपासायचे हे आधी ठरले असेल तर शेवटची तोंडी परीक्षा दहा मिनिटांत होते. काहीच ठरले नसेल तर चाळीस पानी अहवाल वाचूनही हाती काही लागत नाही.

पैशाचा प्रश्न उरतो. पालक विचारतात की सरकार प्रशिक्षणाला दरमहा पैसे देते, मग आमच्या मुलाला का नाही? दोन वेगळ्या गोष्टींची इथे गल्लत होते. जुलै 2024 ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना पदवीधराला महिना 10 हजार रुपये विद्यावेतन देते, केंद्राची पंतप्रधान इंटर्नशिप योजना 5 हजार. पण केंद्राची योजना पूर्णवेळ शिकणाऱ्यांसाठी नाही आणि राज्याची शिक्षण संपवलेल्या बेरोजगारांसाठी आहे. श्रेयांकाच्या ओजेटीत विद्यावेतन मिळेलच असे नाही. म्हणूनच त्या 120 तासांत मुलाकडून फुकटची हमाली करून घेतली जाऊ नये, याची काळजी जास्त घ्यायला हवी. नोंदणीपत्रावर शिकण्याचा हेतू लिहिलेला असेल तर दुकानदाराने दिवसभर माल उतरवायला लावला, तेव्हा विद्यार्थ्याला बोट ठेवायला कागद असतो. प्रवासभाडे आणि दुपारचे जेवण एवढे तरी यजमान संस्थेने द्यावे, ही अपेक्षा जालन्याच्या कारखानदारीला जड नाही.

आणखी एक अडचण कमी बोलली जाते. या जिल्ह्यातली कितीतरी मुले आधीच कामावर आहेत : वडिलांच्या मोसंबीच्या बागेत, मेडिकल दुकानात, मोंढ्यात आडत्याच्या वहीवर. त्यांचे काम ओजेटी धरायचे का? धरावे, पण जे आजवर केले त्यासाठी नाही, पुढे जे नोंदवून करतील त्यासाठी. बागेतल्या मुलाने आंबे बहराचा एक हंगामभराचा जमाखर्च शास्त्रशुद्ध मांडून तो वाणिज्य विभागाच्या शिक्षकापुढे ठेवायचे ठरवले, तर तो बाहेरच्या कंपनीत खुर्ची उबवणाऱ्यापेक्षा अधिक शिकेल. फक्त सही वडिलांची चालणार नाही. पर्यवेक्षक घराबाहेरचा हवा, मग तो कृषी सहायक असो की बाजार समितीचा कर्मचारी.

पाचव्या सत्रात असलेल्या मुलामुलींनी आणि त्यांच्या पालकांनी म्हणून महाविद्यालयात जाऊन आताच तीन गोष्टी मागाव्यात : मार्गदर्शक शिक्षकाचे नाव, यजमान संस्थेला द्यायचे पत्र आणि गुण कशाचे मिळणार ते सांगणारा तक्ता. तिन्ही हातात पडल्याशिवाय कामाचा पहिला दिवस धरू नका. आणि जालन्याच्या बियाणे व पोलाद उद्योगातल्या मंडळींना विनंती आहे की प्रत्येक प्रयोगशाळेत, प्रत्येक हिशेब विभागात दोन खुर्च्या या मुलांसाठी राखून ठेवा आणि तसे जवळच्या महाविद्यालयाला लेखी कळवा.